मनगटापर्यंतचा हात

देवास, ता. १४ मार्च १९७६

चि. उदाजीराव यास,

मायन्यात आशीर्वाद लिहायची रीत आहे. मी तो सध्या राखून ठेवतेय.

पत्र तुझ्या कचेरीच्या पत्त्यावर घालतेय, तू सांगितलंस तसंच. धारच्या घरी का पाठवायचं नाही ते तू सांगितलं नाहीस, मीही विचारलं नाही. न विचारण्याची मला चांगली सवय लागलीय.

तू मला या वसाहतीच्या फाटकाशी सोडलंस त्याला पंधरा दिवस झाले. टांग्यातून खाली उतरलासुद्धा नाहीस. ट्रंक आपल्या जुन्या गड्यानं, रघुजीनं उतरवली. म्हातारा रडत होता, आणि तू घड्याळ बघत होतास, इंदूरची बस चुकेल म्हणून. थोड्या दिवसांचा प्रश्न आहे अक्का, म्हणालास. महारोग्यांच्या वसाहतीत सख्ख्या बहिणीला थोड्या दिवसांसाठी ठेवणारा तू पहिलाच असशील.

इथे सकाळी पांढऱ्या गोळ्या देतात. कंपाउंडर विचारत होता, बाई, अंगावर डाग एक नाही, तुमचा महारोग कसला हो? मी म्हटलं, आम्ही घरंदाज लोक, डागसुद्धा चारचौघांत दाखवत नाही.

त्या दिवशीचं एकदा लिहून टाकते, म्हणजे माझ्या डोक्यातून जाईल. माझ्या डाव्या हाताची करंगळी आणि शेजारचं बोट आत वळायला लागलं होतं. तव्यावर बोट भाजलं तरी मला कळलं नाही, वासानं कळलं. सासूबाईंनी डॉक्टर नारायणरावांना बोलावलं आणि मधल्या दारात पडदा सोडला. संस्थानं गेली, तनखे गेले, आमच्या सासूबाईसाहेबांचा पडदा काही गेला नाही. मी पडद्याच्या फटीतून हात बाहेर काढला, मनगटापर्यंत. सासूबाईंनी बाही मनगटाशी घट्ट धरून ठेवली होती, इंचभर वर जाऊ नये म्हणून. डॉक्टरांनी टाचणी टोचली. मला काही लागलं नाही. मग त्यांनी विचारलं, या हाताला पूर्वी कधी मार, मोड वगैरे? बाहेर बैठकीत तू बसला होतास, माझ्या नवऱ्याच्या शेजारी. जगदेवरावांनी तुझ्याकडे बघितलं असणार. तू म्हणालास, "नाही."

उदा, डावं कोपर मोडलं होतं. तुला ठाऊक आहे आणि मला ठाऊक आहे. हौदाच्या कठड्यावरून मी पडले तेव्हा तू आठ वर्षांचा, मी अकरा. आबासाहेबांना मी काय सांगितलं तेही तुला ठाऊक आहे. अखाड्याच्या पहलवानानं हाड बसवलं ते वाकडंच जुळलं. माझं लग्न ठरवताना आबासाहेबांनी मुलगी अव्यंग आहे असा शब्द दिला आणि आईसाहेबांनी मला लांब बाह्यांची पोलकी शिवली. तू त्या शब्दाला जपलंस, कळतं मला. डॉक्टर आले त्याच महिन्यात तुझंही लग्न जुळत होतं, तेही कळतं. आणि कोपराचा बोटांशी काही संबंध असेल असं मलाही वाटत नाही. पण नसेना संबंध, खरं बोलायला काय जात होतं रे तुझं?

जाऊ दे. एक काम कर. अलका आठ वर्षांची होईल. तिला सांगितलंय की आई इलाजाला गेलीय. तू मामा आहेस, तुला त्या घरी कुणी अडवणार नाही. तिला एकदा बघून ये आणि मला कळव. केस कुणी विंचरतं का ते मुद्दाम बघ.

अक्का


देवास, ता. २० नोव्हेंबर १९७७

चि. उदाजीराव,

भाऊबीजेचा फराळ मिळाला. रघुजीच्या हाती पाठवलास, तो फाटकाबाहेरच ठेवून गेला. चिरोट्यांवरून कळलं की तुझी बायको सुगरण आहे. लग्नाची पत्रिका मला आली नाही, म्हणून म्हटलं चिरोट्यांवरून तरी ओळख करून घ्यावी. तिचं नाव नर्मदा आहे, हेही रघुजीनंच सांगितलं. नांदा सुखानं.

तू लिहितोस, अलका मजेत आहे. दोन ओळी. मी तुझ्यापेक्षा जास्त बघितलंय. नवरात्रात टेकडीवर देवीला सगळं देवास लोटतं. मी पायऱ्यांपासून लांब, तोंडावर पदर घेऊन, दिवसभर उभी होते. तिसऱ्या दिवशी दिसली. निळा फ्रॉक, दोन वेण्या, सासूबाईंचा हात धरलेला. वेण्या घट्ट होत्या. पाच पावलांवरून गेली. हाक मारली नाही. मारली असती तर सासूबाईंनी तिला भर टेकडीवर आंघोळ घातली असती.

हात आणखी वाळलाय. अंगठ्याजवळचं मांस उतरलं, खड्डा पडला. गोळ्या चालू आहेत.

फराळाचा डबा परत पाठवत नाही. तुझ्या घरी तो कुणी वापरणार नाही, मग तुला खोटं बोलावं लागेल. त्याची तुला सवय आहे म्हणा.

अक्का


देवास, ता. ९ ऑगस्ट १९८१

उदा,

हे पत्र नीट बसून वाच. दार लावून वाच.

इंदूरहून महिन्यातून एकदा डॉ. उमाशंकर म्हणून सर्जन येतात. वसाहतीतल्या लोकांची वाकडी बोटं सरळ करायची ऑपरेशनं करतात. साडेपाच वर्षांनी माझा नंबर लागला. मी सवयीनं हात पुढे केला, मनगटापर्यंत. तो म्हणाला, "बाईजी, हाथ क्या कलाई तक ही होता है?" आणि सरळ बाही वर सारली. पस्तिशी आली माझी, पण परक्या पुरुषानं बाही सारली तशी मी अशी किंचाळले की कंपाउंडर धावत आला.

त्यानं कोपराला मागून बोट लावलं मात्र, करंगळीपर्यंत झणकन वीज गेली. सात वर्षांत त्या बोटाला पहिल्यांदा काही कळलं. त्यानं विचारलं, "यह कब टूटी थी?"

आणि मी काय बोलले असेन? म्हणाले, "जनम से ऐसी है।"

बघ उदा! इतकी वर्षं झाली, सगळं जाऊन बसलं, तरी तोंडातून तेच निघालं. डॉक्टर हसला. म्हणाला, जन्मतः हाड असं नसतं, हे मोडलंय आणि कुणा पहलवानानं बसवलंय. मग मी सांगितलं. आयुष्यात पहिल्यांदा कुणाला तरी सांगितलं.

आता ऐक. कोपराच्या मागे एका खोबणीतून नस जाते. कोपर आपटलं की करंगळीत झिणझिण्या येतात, ती. माझं हाड वाकडं जुळलं, हात वाढत गेला, आणि नस त्या वाकड्या हाडावर ताणत, घासत, चेपत राहिली. वर्षानुवर्षं काही जाणवत नाही. पंधरा-वीस वर्षांनी हळूच बोटं मरायला लागतात. हा महारोग नाही. कधी नव्हताच. माझी तपासणी पहिल्या वर्षापासून दर वेळी कोरी आली, पण हात बिघडतच होता, म्हणून इथले लोक गोळ्या देत राहिले आणि मी खात राहिले.

मी त्याला विचारलं, त्या दिवशी, साडेपाच वर्षांपूर्वी, पडद्याबाहेरच्या डॉक्टरला कुणी सांगितलं असतं की कोपर मोडलं होतं, तर? तो म्हणाला, तर कुणीही डॉक्टर बाही वर करून बघता.

एवढंच. पुढच्या महिन्यात इंदूरला ऑपरेशन आहे.

अक्का


देवास, ता. ६ डिसेंबर १९८१

उदा,

तुझं कार्ड आलं. "ऑपरेशन सुखरूप झाल्याचे वाचून समाधान वाटले." कचेरीतल्या फायलीवर शेरा मारतोस तसं.

ऑपरेशनचं सांगते, तुला हवं असो नसो. काखेत सुई देऊन हात बधिर करतात, माणूस जागा असतो. मान आणि हात यांच्या मधे हिरवं कापड टांगलं. मला हसूच आलं. म्हटलं, इथेही पडदा आहेच! डॉक्टरनं विचारलं, बघायचंय का? नर्सनं कापड जरा खाली केलं. सुतळीएवढी पांढरी नस होती, आणि एका जागी चेपून चपटी झालेली, चिमटीत दाबून ठेवल्यासारखी. आजूबाजूचं सगळं कापून तिला मोकळी केली, आणि कोपराच्या मागून उचलून पुढच्या बाजूला, मऊ जागी नेऊन ठेवली. एवढ्याशा दोऱ्यावरून माझा संसार गेला.

आता करंगळीला चहाचा कप गरम लागतो. परवा मुद्दाम दोनदा भाजून घेतलं. बोटं मात्र पूर्ण सरळ होणार नाहीत. उशीर झाला, असं डॉक्टर म्हणतात. किती उशीर झाला ते त्यांनी सांगितलं नाही, मी मोजून आहे.

त्यांनी कागद लिहून दिला, या बाईंना महारोग नव्हता आणि नाही. तो घेऊन मी सासरी गेले. हो, गेले. अंगणात उभी राहिले. सासूबाईंनी कागद घेतला तो परत दिला नाही, म्हणाल्या, कागद काय, कुणीही लिहून देतो. "तुमच्या भावानं आमच्या बैठकीत बसून सांगितलं होतं, हात कधी मोडला नाही म्हणून. आता हे कोपर कुठून आणलंत?" जगदेवराव खांबाला टेकून उभे. ते म्हणाले, तू स्वतः मला सांगितलं होतंस की जन्मतःच असं आहे.

सांगितलं होतं. लग्नाच्या दुसऱ्या दिवशी त्यांनी विचारलं तेव्हा सांगितलं होतं. आईसाहेबांनी पढवलं होतं तेच. म्हणजे त्या घरात खोटं बोलणारी पहिली मीच, तू दुसरा. हे मी आजवर तुला लिहिलं नव्हतं, कारण सगळं तुझ्या माथी मारणं सोपं पडत होतं.

आता तूच एक उरलास. देवासला ये. त्यांच्या त्याच बैठकीत बस आणि सांग की कोपर लहानपणी मोडलं होतं, मी खोटं बोललो. बाकी काही सांगू नकोस. मी घसरले की मला कुणी ढकललं, हेही सांगू नकोस. आबासाहेबांच्या चाबकापासून तुला एकदा वाचवलं, आणखी एकदा वाचवीन. मला फक्त अलका हवी. चौदाव्या वर्षात आहे ती. आतल्या दाराआडून बघत होती आणि मला नमस्कार करायचा की पळायचं, ते तिला कळत नव्हतं.

ये. हात जोडते. एक हात नीट जुळत नाही, तरी जोडते.

अक्का


देवास, ता. ३ ऑक्टोबर १९८२

उदाजीराव,

दहा महिन्यांत तुझं एक पत्र आलं. "जुने उकरून काय साधणार? माझ्याही घरी प्रतिष्ठा आहे."

काल रघुजी आला होता. म्हाताऱ्याला मोतीबिंदू झालाय, चाचपडत आला, तू पाठवलं नव्हतंस. माझे पाय धरून रडायला लागला. म्हणाला, अक्कासाहेब, मला पाप लागेल, सांगून टाकतो. मग सांगितलं.

तुझ्या बैठकीत माझा फोटो आहे, त्याला हार आहे. तू नर्मदावहिनीला आणि तिच्या माहेरच्यांना सांगितलंस की थोरली बहीण बाळंतपणात वारली. म्हणून कचेरीचा पत्ता होय! अरे, मला वाटलं, लाज वाटत असेल. तू तर मला मारूनच टाकलंस, आणि वर फराळ पाठवत होतास.

आणि पितृपक्षात अविधवा नवमीला, आबासाहेबांआधी गेलेल्या आईसाहेबांसाठी सवाष्ण जेवायला सांगतात, तेव्हा वहिनी आणखी एक सांगते. माझ्या नावानं. तू कधी सांगितलं नव्हतंस तिला, तिचं तीच करते. नणंद नवऱ्याला मागे ठेवून गेली, सासरचे करत नसतील तर आपण करू, म्हणते. ओटी भरते, खीर-वडे करते. न बघितलेल्या बाईसाठी ती एवढं करते, आणि तू समोर बसून जेवतोस. घास कसा उतरतो रे?

मी इथेच आहे. आता पेशंट नाही, नोकरीला आहे. लोकांच्या जखमा धुते, पट्ट्या बांधते. इथल्या माणसांना रोग खरा आहे, पण त्यांच्यातल्या कुणी आपल्या माणसाला जिवंतपणी हार घातलेला नाही.

उत्तर पाठवू नकोस. फालतू कार्ड वाया जाईल.

कुसुमावती


देवास, ता. ३० सप्टेंबर १९८५

उदा,

मधे दोन पत्रं परत आली. मग कळलं, तू कचेरी सोडलीस, पीथमपूरच्या कारखान्यात लागलास, धारहून शिफ्टच्या बसनं जातोस येतोस. नवा पत्ता मला कळवायचा राहून गेला असेल. असो. हे मी थेट घरी पाठवतेय. पाकिटावर पाठवणाराचं नाव पत्त्यासकट लिहिलंय, ठसठशीत. वहिनीच्या हाती पडलं तर पडू दे.

सासूबाई उन्हाळ्यात गेल्या. त्यांच्या पेटीत अलकाला डॉक्टरांचा कागद सापडला. कागद खोटा म्हणाल्या, पण फाडला नव्हता म्हातारीनं. चार वर्षं जपून ठेवला होता. का, ते आता कुणाला विचारू?

अलका सायकल घेऊन एकटी वसाहतीत आली. सतरा वर्षांची आहे, माझ्याहून उंच. मराठी बोलते पण अडखळते, हिंदी शाळा झाली ना. मला "आप" म्हणते. बाकड्यावर लांब बसली. मी तिला सगळं सांगितलं, हौद, पहलवान, लांब बाह्या, पडदा. तू मला ढकललंस तेही सांगितलं, तुला वाचवायचं कंत्राट संपलं माझं. ती ऐकत होती. मला वाटलं, आता रडेल, गळ्यात पडेल. कसलं काय.

तिनं विचारलं, "मामाजी ने झूठ बोला, ठीक है। पर आप तो परदे के पीछे ही थीं। आप क्यों नहीं बोलीं?"

उदा, सुनेनं परपुरुषासमोर आवाज काढायचा नसतो, असं म्हणायला गेले, पण ते मलाच पटेना. माझीच पोर आत झोपली होती, माझाच हात, माझंच कोपर, आणि मी "मोडलं होतं" एवढे दोन शब्द बोलले नाही. आबासाहेबांचा शब्द मीही जपलाच की. तू एका शब्दानं केलंस ते मी शब्दाविना केलं. दहा वर्षं तुला शिव्या घातल्या तेव्हा हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. तुझ्यावर ओरडत राहिलं की ते ऐकू येत नसे.

तेव्हापासून ती दर रविवारी येते. लांबच बसते. परवा मी तिला म्हटलं, एकदा आई म्हण. ती म्हणाली, "पिताजी अब भी कहते हैं कि आपने डॉक्टर से लिखवा लिया। एक बार मामाजी कह दें कि टूटी थी, तो मैं मान लूँगी।" हट्टी आहे. माझी आहे म्हणून हट्टी आहे.

म्हणून मी येतेय. या पंधरवड्यातल्या अविधवा नवमीला, सकाळच्या बसनं. अलका बरोबर आहे. माझ्या नावानं वहिनीनं ज्या बाईला जेवायला सांगितलं असेल तिला म्हणावं, यंदा येऊ नका, ज्यांचं पान आहे त्याच येणार आहेत. वहिनीच्या हातची खीर मला खायचीच आहे, इतकी वर्षं माझ्या वाटची दुसऱ्याच कुणी खाल्ली. तिला घाबरवायचं नाही, फोटोचा हार तेवढा आधी उतरवून ठेव. पोलकं अर्ध्या बाह्यांचं शिवून घेतलंय. कोपर दुरून दिसेल.

तुझ्या घरी काय होईल, प्रतिष्ठेचं काय होईल, मला माहीत नाही. तुझ्या बायकोसमोर तुला तोंड दाखवता येणार नाही कदाचित. मला सतरा वर्षांच्या पोरीला तोंड दाखवता येत नाही, तिचं बघ आधी.

मी दारात उभी राहीन. वहिनी विचारेल या कोण, आणि अलका तुला विचारेल, हा हात कधी मोडला होता का. एकच शब्द बोलायचा आहे. मागच्या वेळी बोललास तेव्हा मी पडद्याआड होते. या वेळी समोर असेन, आणि तू नाही म्हणालास तर मी बोलेन.

आशीर्वाद अजून राखून ठेवलाय. दारात देईन किंवा परत घेऊन जाईन.

अक्का